तीनशेचं देणं

आत्याने माझ्या हातातला फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीन नाकाजवळ नेऊन विचारलं, "हे बाराशे कुणी सांगितले तुला?"

"अ‍ॅपने."

"त्याने तुला बघितलंय?"

२०१९चा श्रावण होता. वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो आणि नोकरी दिवसभर खुर्चीतली. आठवड्याला एक किलो उतरवायचंय, असं मी अ‍ॅपला सांगितलं होतं आणि त्याने निमूटपणे दिवसाला १२०० कॅलरींचा आकडा काढून दिला होता. सात आठवडे मी तो पाळत होते. खरं सांगायचं तर सोमवार ते गुरुवार पाळत होते. दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री दुधीचं सूप. शुक्रवारी घरचे झोपले की ओट्याशी उभं राहून शेवेचा डबा संपवायचा, शनिवारी रडायचं आणि सोमवारी पुन्हा बाराशे. कंगव्यात केस यायला लागले होते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी पुरणपोळीचे व्हिडिओ बघत असे. पुढे कधीतरी वाचलं, की १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्यातलेही काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले होते. त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळत. ते तरुण पुरुष, वर भरपूर चालणारे, तेव्हा त्यांची माझी बरोबरी नाही. पण पुरणपोळीचं कोडं सुटलं.

आत्या एका रुग्णालयाच्या आहार विभागातून निवृत्त झालेली. शेकडो ताटांचा हिशेब रोज घातलेली बाई, पण नातेवाइकांना न विचारता सल्ला द्यायची नाही. त्या दिवशी मात्र तिने लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू ओढली. वजनाला दहाने गुण, उंचीला सव्वासहाने, त्यातून वयाची पाचपट वजा आणि बाईमाणूस म्हणून आणखी १६१ वजा. हे मिफ्लिन-सेंट जॉर यांचं १९९०चं सूत्र. उत्तर आलं १३८७.

"हे नुसतं पडून राहायला लागतात. श्वास, काळीज, मेंदू. तू त्यांच्यातच काटछाट करतेयस."

डोंबिवलीहून लोकल, ऑफिसचे जिने, घरचं काम धरून तिने १३८७ला १.३७५ने गुणलं. साधारण १९००. त्यातून ४०० काढले आणि खाली १५०० लिहून भोवती गोल केला. सूत्र म्हणजे अंदाज, शंभर-दोनशे इकडेतिकडे होणार, हेही सांगितलं. किलोभर चरबीत ७७०० कॅलरी असतात असं धरलं तर महिन्याला दीड किलो कमी होईल, तेही कागदावर.

"एवढंच?" मी विचारलं.

"दिवाळीत पाळता येईल का सांग. नसेल येत तर आकडा चुकलाय."

हा प्रश्न मला कुठल्याही सूत्रात सापडला नाही. पोळी परत आली, वरणभात परत आला. शुक्रवारचा डबा कधी सुटला ते कळलंसुद्धा नाही. दिवसाला तीनशे कॅलरी तिने मला परत मिळवून दिल्या. ताटात मोजायचं तर दोन पोळ्या आणि वाटीभर वरण.

पण पहिले दोन महिने काटा ढिम्म हलला नाही. रागारागाने वही घेऊन ठाण्याला तिच्याकडे गेले. तिने वहीची पानं चाळली. "फ्लॉवरची भाजी एक वाटी. कशात केलीस, पाण्यात?" मग विचारलं, "महिन्याला तेल किती आणतेस?" लिटरच्या तीन पिशव्या, मी म्हटलं. माणसं तीन. पिशवीत ९१० ग्रॅम. माणशी रोज तीस ग्रॅम, ग्रॅमला नऊ कॅलरी. थोडं कढईला राहतं असं धरलं तरी अडीचशे माझ्या पोटात जात होत्या आणि वहीत त्यांचा पत्ता नव्हता. मी हातात चारशेची कपात धरून बसले होते आणि फोडणी ती परस्पर गिळत होती. दाण्याच्या कुटाचं तर नाव काढायची सोय नव्हती. आमच्या घरी काकडीच्या कोशिंबिरीत काकडी शोधावी लागते.

तिने कपाटातून राष्ट्रीय पोषण संस्थेचं, गोपालन आणि सहकाऱ्यांचं, भारतीय अन्नघटकांचं पुस्तक काढलं. पाठीला चिकटपट्टी लावलेली, पानांवर हळदीचे डाग. भुईमुगाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. ते पुस्तक आज माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून तेल पिशवीतून कढईत जात नाही, आधी चमच्यात येतं. चौदा महिन्यांत नऊ किलो गेले. मधे दोनदा काटा अडला, एकदा गणपतीत उलटा फिरला. वजन उतरलं तसा गरजेचा आकडाही उतरला आणि आम्ही दोघींनी तो पुन्हा मांडला.

गेल्या वर्षी आत्या न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिचं जेवण गेलं. वजन ४१ किलो. डॉक्टर म्हणाले, वाढवा. आता मी तिच्या ओट्याशी उभी असते. मऊ भातावर तूप, खिरीत दूध-पावडर, कोशिंबिरीत कूट. त्याच वहीत, मागच्या पानापासून, उलटा हिशेब.

"कूट जास्त झालंय गं," ती म्हणते.

"खा मुकाट्याने."

मग अर्ध्या तासाने विचारते, "किती झाले आज?"

"चौदाशे."

"वाटी बघ आधी."

वाटीत भाताचे तीन घास, वर थिजलेलं तूप. मी चौदाशेवर काट मारते आणि शेजारी १३२० लिहिते.