दहा किलो ज्वारीचं पीठ

पुणे ते कोइंबतूर साधारण 1,200 किलोमीटर. विमानानं गेले असते तर दुपारच्या जेवणाला पोचले असते. पण सामान टेम्पोनं पुढे गेलं होतं, गाडी न्यायचीच होती, आणि मागच्या सीटवर आईनं दहा किलो ज्वारीचं पीठ ठेवलं होतं. "तिकडे सगळा भाताचा कारभार. भाकरीवाचून हाल होतील तुझे." 47व्या वर्षी परमुलखात नोकरीला निघालेल्या मुलीला ती आणखी काय सांगणार?

खंबाटकी, कराड, कोल्हापूर या टप्प्यात काहीच वाटलं नाही, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखं. कागलच्या पुढे राज्य बदललं, तरी निपाणीत दुकानांवर मराठी दिसत होतं. मला ट्रकच्या पाठी वाचायची जुनी खोड. 'आईचा आशीर्वाद', मालकाच्या पोरांची नावं, अर्धवट पुसलेली शायरी. हावेरीच्या आसपास लक्षात आलं, मघापासून आपण नुसतं बघतोय, वाचत नाही. हिरव्या पाट्यांवर इंग्रजी असतं, रस्ता चुकत नाही. पण भिंतींवरच्या जाहिराती, टपरीचं नाव, पंक्चरवाल्याची पाटी, सगळी नुसती नक्षी. एम.ए. झालेली बाई पाचशे किलोमीटरवर निरक्षर!

रात्री चित्रदुर्गला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बंगळूर मागे पडलं. कन्नडचं वळण डोळ्यांना जरा सरावलं होतं, तेवढ्यात होसूरला तमिळ सुरू झाली. थोप्पूरच्या घाटात एका ट्रकमागे रांगत होते. त्याच्या फळीवर चार ओळी ऐसपैस रंगवलेल्या. देवाचं नाव असेल, शिवी असेल, 'अंतर ठेवा' असेल. मी आपलं अंतर ठेवलं.

निरक्षर माणसाला विचारावं लागतं. पुण्यात मी कुणाला काही विचारत नसे. तिथे उत्तराआधी आपली चूक कळते. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या वाण्याकडे हातवारे करून ज्वारीची चौकशी केली. मी हवेतच भाकरी थापून दाखवली. दुकानातल्या दोन बायका हसल्या. वाण्यानं पोत्यात हात घातला आणि माझ्या तळहातावर पांढरे टपोरे दाणे ठेवले. "चोळम."

ज्वारीच होती. या भागात ती पूर्वापार पिकते, भातासारखी शिजवूनही खातात. दहा किलो पीठ मी जिथे नेलं, तिथे पोत्यानं ज्वारी होती. आईला हे अजून सांगितलेलं नाही. दर फोनला ती विचारते, पीठ पुरतंय ना.

संध्याकाळी शेजारची शाळकरी मुलगी मला अक्षरं शिकवते. क आणि ग यांना एकच अक्षर का, या माझ्या प्रश्नावर ती कपाळाला हात लावते. परराज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. माझ्या गाडीचे सात महिने झालेत. तमिळच्या 18 व्यंजनांपैकी मला अकरा येतात.