दाढेच्या मुळाशी

मार्गशीर्षातील दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. जाणते गिऱ्हाईक प्रथम घोड्याचा ओठ दुमडून खालचे दात पाहते. साधारण पाचव्या वर्षी पुढचे सर्व कायमचे दात आलेले असतात. त्यानंतर आठव्या वर्षापर्यंत खालच्या दातांवरील खळगे क्रमाने झिजत जातात. त्यावरून वय ठरते, आणि वयावरून किंमत.

माणसाच्या दाढेची पारख मात्र वरून होत नाही. गावातील एका वयोवृद्ध धान्यव्यापाऱ्यांना हे अनुभवाने कळले. खालच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनॉल झाले, वर टोपी बसली; तरी काही महिन्यांनी घास चावताना पुन्हा कळ येऊ लागली. आता दाढ काढूनच टाकावी, असे त्यांनी मनाशी ठरवले. दुसऱ्या दंतवैद्यांनी मात्र कोन बदलून क्ष-किरण चित्र घेतले आणि मागच्या मुळात साफ करावयाची राहिलेली एक नलिका दाखवली.

या दाढेला बहुधा दोन मुळे असतात. पुढच्या मुळात दोन नलिका, मागच्यात एक, हा सामान्य नियम. पण अनेकांच्या मागच्या मुळातही दोन आढळतात. काहींना जिभेच्या बाजूला तिसरे मूळच असते. त्याची नोंद काराबेली यांनी १८४४ मध्ये केली होती. पुढच्या दोन नलिकांमध्ये पुष्कळदा अरुंद फट असते. तेथे सुई पोहोचत नाही, औषधी द्रावणानेच ती धुवावी लागते. शेजारच्या दुसऱ्या दाढेत तर कधी नलिका एकत्र होऊन घोड्याच्या नालेसारखा आकार घेतात. झुरिकचे हेस यांनी हजारो दातांच्या पोकळीत रबर भरून तिचे साचे काढले, तेव्हा सरळ नळीऐवजी झाडाच्या फांद्यांसारखे जाळे दिसले.

“म्हणजे एक खाते वहीत उतरवायचेच राहिले. मग ताळेबंद जुळणार कसा?” शेठजी म्हणाले. राहिलेली नलिका शोधून, साफ करून भरली गेली आणि दाढ वाचली.

निघताना दंतवैद्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे घरोघरी तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. घरी आल्यावर शेठजींनी सात वर्षांच्या नातीचे तोंड विजेरीच्या उजेडात पाहिले. मागच्या दाढेवर काळा ठिपका होता. “बाबा, दुधाची आहे ती,” सूनबाई म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी नातीला दवाखान्यात नेले. कीड वरच्या थरातच होती, साध्या भरणावर काम भागले.

कायमच्या दाढेला बदली दाढ नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या तोंडात शेवटची दाढ एकदा पाहून घ्यावी. आणि उपचारानंतरही दुखणे परतले, तर दाढ काढण्यापूर्वी एखादी नलिका राहिली आहे का, एवढे अवश्य विचारावे.