म्हातारपणचें नवें वाचन

ज्यानें पस्तीसांवर वर्षें रघुवंशाचे सर्ग आणि शब्दांचीं रूपें शिकविण्यांत घालविलीं, त्यानें साठी उलटल्यावर हातीं कोणतें पुस्तक धरावें याविषयीं आप्तेष्टांचें मत बहुधा ठरलेलें असतें. ज्ञानेश्वरी, गीतेवरील एखादें भाष्य, फार तर हिमालयाचें प्रवासवर्णन. त्यामुळें गेल्या पावसाळ्याचे चार महिने आम्हीं विज्ञानकादंबऱ्या व चित्रकथा वाचण्यांत घालविले, असें सांगितलें तर कांहीं वाचकांस आमच्या प्रकृतीविषयीं शंका येईल. प्रकृति उत्तम आहे. झालें इतकेंच कीं, आमचा नातू नववींत, इंग्रजी शाळेंत. मराठी पुस्तक म्हटलें कीं त्याचें तोंड उतरे. तेव्हां उभयतांत एक करार झाला. आम्ही देऊं तें मराठी पुस्तक त्यानें वाचावें, व तो देईल तें आम्हीं, नाक न मुरडतां, शेवटच्या पानापर्यंत वाचावें.

पहिल्या खेपेस त्यानें आमच्या हातीं ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराची चंद्रप्रवासाची कादंबरी ठेविली. ही १८६५ सालची. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, तोफा ओतणारे लोक रिकामे झाले, आणि त्यांच्या मंडळानें रिकामपणाचा उद्योग म्हणून चंद्रावरच गोळा मारण्याचें ठरविलें, अशी तिची गमतीची सुरुवात आहे. फ्लॉरिडा प्रांतांत जमिनींत ओतलेली नऊशें फूट लांबीची उभी तोफ, तिच्यांत ॲल्युमिनमचा पोकळ गोळा, गोळ्यांत तीन माणसें, आणि सुटतांना त्याचा वेग सेकंदास बारा हजार यार्ड, म्हणजे सुमारें अकरा किलोमीटर. नातू म्हणाला, "आजोबा, आंतलीं माणसें जिवंत कशीं राहतील?" आम्हीं म्हटलें, "गणित करून पाहा."

गतीचीं समीकरणें त्याला याच वर्षीं शिकविलेलीं होतीं. नऊशें फुटांत शून्यापासून इतका वेग यावयाचा तर आंतल्या मनुष्यावर पृथ्वीच्या ओढीच्या बावीस हजार पट भार येतो. साठ किलो वजनाचा मनुष्य त्या क्षणीं तेराशें टनांचा होणार. म्हणजे मनुष्य म्हणून उरणारच नाहीं. व्हर्नलाही धोका ठाऊक होता. त्यानें गोळ्याच्या तळाशीं पाण्याचा थर ठेवून धक्का सोसण्याची युक्ति योजिली आहे. ती अर्थातच फार अपुरी. परंतु वेगाचा आंकडा मात्र त्यानें बरोबर धरिला. पृथ्वीची ओढ तोडून जाण्यास सेकंदास सुमारें ११.२ किलोमीटर वेग लागतो, व १९६९ सालीं चंद्रावर उतरलेलीं माणसेंही फ्लॉरिडांतूनच निघालीं. आम्हांस या पुस्तकाचें कौतुक वाटलें तें भविष्य खरें ठरलें म्हणून नव्हे. लेखकाची चूक नववींतल्या मुलास पेन्सिल घेऊन शोधतां यावी, अशा उघडपणानें तें लिहिलेलें आहे. अद्भुतरसाचा स्थायिभाव विस्मय, हें आम्हीं जन्मभर शिकविलें. विस्मयाचा असा हिशेब मागतां येतो, हें मात्र आम्हांस नवें होतें.

चित्रकथांविषयीं सुशिक्षित घरांत अजून एक प्रकारची अढी आहे. आमच्या लहानपणीं इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ घरोघरीं शिरला. ती माला १९६४ सालीं निघाली व १९९० सालीं बंद पडली. पुढें आम्ही शिक्षक झाल्यावर संस्कृतच्या पुस्तकाआड वेताळ उघडून बसलेलीं मुलें आम्हांस खुर्चीवरून स्पष्ट दिसत, आणि तीं वर्गांतलीं मठ्ठ मुलें क्वचितच असत. ज्यांस चित्रांतून कथा सांगणें परकीय वाटतें त्यांनीं एकदां कुडाळजवळच्या पिंगुळीस जावें. तेथील ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या रंगविलेल्या पोथ्यांचीं पानें एकामागून एक पुढें धरून रामायणाचीं आख्यानें गात आलीं आहेत.

नातवानें दिलेली चित्रकथा होती हर्जे या बेल्जियन चित्रकाराची, टिनटिनच्या चंद्रप्रवासाची. १९५३ व १९५४ सालीं प्रसिद्ध झालेले दोन भाग. मनुष्य प्रत्यक्ष चंद्रावर उतरण्यापूर्वीं पंधरा वर्षें हें काम झालेलें आहे. यंत्र बंद पडतांच यानांतलें वजन नाहींसें होतें आणि कप्तानाचें मद्य पेल्यांतून निघून गोळा बनून तरंगूं लागतें, हें पाहून आम्ही एकटेच मोठ्यानें हंसलों. चंद्राच्या पोटांतील एका गुहेंत टिनटिन बर्फावरून घसरतो. पुढें भारताचें चांद्रयान २००८ सालीं गेलें, आणि चंद्राच्या मातींत पाण्याचे अंश आहेत असें २००९ सालीं जाहीर झालें. दोन्हींचा संबंध नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी तें पान आम्हीं पुन्हां उघडून पाहिलेंच.

पण त्या पुस्तकाचा जीव दुसरीकडेच आहे. यानावरील वोल्फ नांवाचा यंत्रज्ञ जुगाराच्या कर्जांत बुडालेला. शत्रूच्या हेरांनीं त्याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवून त्याला फितूर केलेलें. परतीच्या वाटेवर उघडकीस येतें कीं, यानांत ठरल्याहून अधिक माणसें झाल्यामुळें प्राणवायु सर्वांस पुरणार नाहीं. इतर झोपले असतां वोल्फ एक चिठ्ठी ठेवतो आणि दार उघडून बाहेरच्या पोकळींत निघून जातो. हें पान आमच्या घरीं चौघांनीं निरनिराळ्या वेळीं वाचलें. सूनबाईंना तें मुलांच्या पुस्तकांत नको होतें. आमच्या पत्नीच्या मतें तें प्रायश्चित्त होय. आम्ही धर्मशास्त्रांतील कांहीं वचनें आठवूं लागलों. नातू एवढेंच म्हणाला, "त्यानें श्वास मोजले, आजोबा." त्यावर आम्हांस कांहीं सुचलें नाहीं.

या वाचनास खरा विरोध झाला तो वडील बंधूंकडून. दादांचें वय चौऱ्याहत्तर. ते रोज नियमानें वाल्मीकींचा एक सर्ग वाचतात. एके रात्रीं जेवतांना ते म्हणाले, "विमानें, अस्त्रें, चंद्रलोक, सगळें आपल्या ग्रंथांत आहे. परक्यांच्या कल्पना मुलाच्या डोक्यांत कशाला भरतां?" नातवानें अगदीं विनयानें विचारलें, "मग मोठे आजोबा, पुष्पक विमानाला इंधन कोणतें?" दादांनीं आमच्याकडे पाहिलें, कारण घरांत संस्कृतचा अधिकार आमचा. कांहींतरी जुळवून सांगतां आलें असतें, आणि पंगत गोडीनें उठली असती. परंतु या वयाच्या मुलास एकदां बनावट उत्तर दिलें आणि तें त्याच्या ध्यानीं आलें, तर त्याचा विश्वास विमानावरूनच नव्हे, रामायणावरूनही उडतो. आम्हीं सांगितलें कीं, वाल्मीकि पुष्पकास कामग म्हणतात. स्वामीच्या इच्छेप्रमाणें जाणारें. इंधनाचा प्रश्न त्यांनीं घेतलेला नाहीं, कारण ते कवि होते, यंत्रज्ञ नव्हते.

दुसऱ्या दिवशीं दादांनीं वैमानिकशास्त्राचा दाखला काढिला. १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं त्या ग्रंथाची छाननी केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभींचा असून त्यांत वर्णिलेलीं यानें उडणें शक्य नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यंत्रांविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. भाषेविषयीं थोडासा आहे. तें सोपें, अलीकडचें संस्कृत आहे, वेदकालाचें मुळींच नव्हे. हें बोललों, आणि दोन दिवस घरांत अबोला राहिला.

वास्तविक दादांना हवा असलेला विस्मय आपल्याकडे खराखुरा आहे. भागवताच्या नवव्या स्कंधांत रैवत ककुद्मी राजा आपल्या रेवतीस वर विचारण्यासाठीं ब्रह्मलोकीं जातो. गायन चाललेलें असतें, म्हणून क्षणभर थांबतो. तेवढ्यांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटतात, आणि ज्या वरांचा विचार करून तो निघाला त्यांचीं नांवेंही उरत नाहींत. वेल्सचें कालयंत्र (१८९५) आम्हीं याच पावसाळ्यांत वाचलें. ककुद्मीची कथा आम्हांस त्याहून धीट वाटते. मात्र काल तेथें वेगळा कां चालला, हें भागवत सांगत नाहीं. त्यासाठीं आइन्स्टाइन यावा लागला. आज मोबाइलवर रस्ता दाखविणाऱ्या उपग्रहांचीं घड्याळें जमिनीवरील घड्याळांच्या मानानें दिवसाकाठीं सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात, व तेवढी तफावत सुधारून घ्यावी लागते. नातवास ककुद्मीची कथा आम्हीं सांगितली ती या घड्याळांसह, आणि ती त्यानें मित्रांस सांगितल्याचें कळलें.

आमच्या पाळीस आम्हीं त्याला जयंत नारळीकर दिले. वडील गणितज्ञ, आई संस्कृतज्ञ, आणि स्वतः जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ. तरी १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनीं आपली "कृष्णविवर" ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें पाठविली. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडूं नये, ही त्यांतली काळजी. कथेला पहिलें पारितोषिक मिळालें. २०२५ च्या मे महिन्यांत ते पुण्यास निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्यांतील माणसें आम्हांस थोडीं पुठ्ठ्याचीं वाटतात, हें सांगितलें पाहिजे. तीं बोलतात फार आणि रडतात कमी. पण "वामन परत न आला" यांतील कल्पना मोठी आहे. भूगर्भांत खोलवर सांपडलेला एका लुप्त संस्कृतीचा ठेवा, तो वाचून घडविलेला यंत्रमानव वामन, आणि ज्यांनीं तें ज्ञान पुरून ठेविलें त्यांचें पुढें काय झालें हें हळूहळू उकलत जाणारें कोडें. बळीची कथा ज्यास ठाऊक आहे त्याला त्या नांवानेंच धडकी भरते. पुराणाचा असा उपयोग आम्हांस फार आवडला. तो पुराणाकडून पुरावा मागत नाहीं, अर्थ मागतो.

नातवाचें वाचून झाल्यावर तें पुस्तक दादांनीं, "नांव तरी बरें दिसतें," म्हणून आपल्या खोलींत नेलें. आठ दिवसांनीं आमच्या मेजावर आणून ठेविलें तें शब्द न बोलतां. मात्र त्याच संध्याकाळीं ओटीवर नातवास जवळ बसवून, त्या यंत्रमानवास वीज कोठून मिळते, असें ते त्याला खोदून खोदून विचारीत होते.