माहेरी गेली ती आलीच नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. घरातली मंडळीही हे पान वाचतात, म्हणून जरा जपून.

आमचे आजोबा आपल्या आईविषयी एकच वाक्य बोलत. "माहेरी गेली ती आलीच नाही." पुढे विचारायची सोय नसे. ते तीन वर्षांचे असताना हे झालं, सावत्र आईने वाढवलं. पितृपक्षात वडिलांचं पान निघे, आईचं नाही. आई आपल्याला टाकून गेली असं त्यांनी धरलं होतं, आणि १९९६ साली ते गेले तेही तसंच धरून.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांना एकदम भाव आला. चुलतभावाला लेकीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा होता, मी त्याच्याबरोबर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याला हेलपाटे घालू लागलो. तिथे कळलं की आपण ज्याला सातबारा-फेरफार म्हणून ओळखतो त्यात बायका जवळजवळ नसतातच. जमिनीच्या मागे जाल तर पुरुषच सापडतील. माणसं शोधायची तर गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची वही. कोतवाल बुक म्हणतात तिला. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. अर्जात गाव आणि साल लिहावं लागतं, आणि साल माहीत नसेल तर चिकाटी लागते!

वही मोडीत. शब्दांत जागा न सोडता ओळभर सलग लिहिलेलं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. आम्ही एका निवृत्त गुरुजींना गाठलं. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, एवढं त्यांच्याकडून शिकलो. भावाचं काम दोन खेपांत झालं. पणजीचा मात्र पत्ता नाही. आमच्या गावच्या वहीत मी सालामागून सालं उलटून घेतली, गुरुजी कंटाळले नाहीत हे त्यांचे उपकार.

शेवटी तेच म्हणाले, "अहो, माणूस जिथे मरतं तिथल्या वहीत चढतं. माहेरचं गाव कुठलं?"

इतकं साधं. आणि मला सुचलं नव्हतं.

माहेर शेजारच्या तालुक्यात. पुन्हा अर्ज, पुन्हा कोर्ट फीचं तिकीट. १९१८ ची वही निघाली. एरवी एका पानावर दोन-तीन महिने मावायचे, पण त्या ऑक्टोबरात आठ दिवसांतच पान भरलेलं. कारणाच्या रकान्यात खाली खाली ताप, ताप, ताप. हीच ती मानमोडीची साथ, इन्फ्लुएंझा. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली. हे मी शाळेत वाचलं होतं की नाही आठवत नाही, वाचलं असलं तरी आमच्या घराशी त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

गुरुजींचं बोट एका ओळीवर थांबलं. "भागू कोम धोंडी. राहणार तुमचंच गाव. वय बावीस. ताप."

मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "हिच्या खाली तिसरी ओळ. धोंडीचीच. मुलगी, वय आठ दिवस." नावाचा रकाना कोरा.

म्हणजे ती बाळंतपणाला गेली होती. आजोबांना सांगितलेलं वाक्य अक्षरशः खरं होतं, माहेरी गेली ती आलीच नाही. खोटं कुणीच बोललं नव्हतं. साथीनंतर घरोघरी तेच, मेलेल्यांची नावं काढायला कुणाला सवड होती? तीन वर्षांच्या पोराला बसवून सांगायचं राहून गेलं असेल. मग पोर मोठं झालं आणि विचारायचं राहून गेलं. असो.

घरी येऊन आत्याला फोन केला. ती चौऱ्याऐंशीची आहे. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भागू होय नाव? आम्हाला नावसुद्धा नव्हतं रे ठाऊक." आणि नंतर, "दादांना कळायला पाहिजे होतं."

बाबांना नक्कल दाखवली. मोडी त्यांनाही येत नाही. चष्मा लावून, "कुठली ओळ?" एवढंच विचारलं आणि तिच्यावर बोट ठेवून बसले. यंदा अविधवा नवमीला पान काढायचं ठरलंय. त्या मुलीसाठी काय करायचं, यावर आत्याचं आणि बाबांचं अजून जमत नाहीये.

पणजीच्या माहेरचं घर मी गावात शोधलं, पण ती मंडळी कधीच मुंबईला गेली म्हणतात. नात्यातल्या कुणाला त्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर मला फोन करा. रात्री उशिरा केलात तरी चालेल.