अडुसष्ट डॉलर आणि पंधरा टक्के

शिकागोच्या आसपास प्रोजेक्टवर आलेल्या मराठी मंडळींचे वीकेंड साधारण ठरलेले असतात. पहिले दोन डाउनटाउनचे, लाँग वीकेंड आला की नायगारा आणि मग उरलेले सगळे डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवरचा किराणा, आउटलेट मॉल आणि रविवारी दुपारी वरण-भात खाऊन ताणून देण्याचे! या यादीत साउथ बेंड कुठेच नसतं. खरं तर इंडियाना राज्यातलं हे गाव शिकागोपासून गाडीने जेमतेम दोन तासांवर. ट्रेनही जाते. एकच गंमत लक्षात ठेवायची. मध्येच टाइम झोन बदलतो आणि घड्याळ एक तास पुढे पळतं. जाताना गेलेला तास येताना परत मिळतो, त्यामुळे हिशेब चुकता!

आम्ही गेलो होतो स्टुडबेकर नॅशनल म्युझियम बघायला. शिकागोतल्या अवाढव्य म्युझियमांच्या मानाने हे अगदीच आटोपशीर. तीन मजले, रमतगमत बघितले तरी एका दुपारीत होतात. मला जुन्या गाड्यांचं वेड आहे, माझ्या रूममेटला अजिबात नाही. तो आला त्याचं कारण वेगळं होतं. त्याच आठवड्यात त्याला प्रोजेक्टवरून 'रिलीज' केलं होतं. (आयटीत माणसाला काढत नाहीत, रिलीज करतात. पिक्चरसारखं!) बारा वर्षं मेनफ्रेमवर काढलेला माणूस आणि क्लायंटने ती सिस्टिमच गुंडाळायची ठरवली. घरी बसून तोच तो रेझ्युमे वाचण्यापेक्षा जुन्या गाड्या बघितलेल्या बऱ्या, असं म्हणत तो शेजारच्या सीटवर येऊन बसला.

एक नाटक, एक गाडी

स्टुडबेकर म्हटलं की बहुतेकांना पन्नासच्या दशकातली ती विमानासारख्या नाकाची मोटार आठवते. पण इथे आधी भेटतात त्या घोड्यांच्या गाड्या. जर्मनीतून आलेल्या कुटुंबांनी पेन्सिल्व्हेनियात वापरलेली कॉनेस्टोगा वॅगन आहे. आपल्या छपराच्या बैलगाडीची थोरली बहीणच म्हणा ना! लाकडी आरे, लोखंडी धाव, वर कापडाचं छत. स्टुडबेकर भावंडांच्या वडिलांनी ती स्वतः बांधली आणि १८३० च्या दशकात सगळं बिऱ्हाड तिच्यात टाकून कुटुंब ओहायोला निघालं.

पण खरी गर्दी असते ती अब्राहम लिंकन यांच्या गाडीभोवती. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी त्यांना भेट दिलेली ही बग्गी. मागे दुमडणारं छत, पुढे उंचावर कोचमनची जागा, चांदीचे दिवे. दार उघडलं की पायऱ्या आपोआप खाली येतात. मरीन ड्राइव्हवरच्या व्हिक्टोरियाची आठवण हटकून येते. (त्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या.) १४ एप्रिल १८६५ च्या संध्याकाळी लिंकन पती-पत्नी याच गाडीत बसून फोर्ड्स थिएटरला नाटक बघायला गेले. लिंकन परत तिच्यात बसले नाहीत. पुढे ही गाडी स्टुडबेकर मंडळींनी विकत घेतली. त्यांना अशा ऐतिहासिक गाड्या जमवायचा नादच होता. १८२४ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेल्या लाफायेत यांची गाडीही इथेच आहे आणि राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांची गाडी तर स्टुडबेकरनेच बनवलेली.

या मंडळींची सुरुवात मात्र अगदी साधी. १८५२ साली हेन्री आणि क्लेमेंट या दोन भावांनी साउथ बेंडमध्ये लोहाराचं दुकान टाकलं. भांडवल दोन भट्ट्या आणि ६८ डॉलर. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या नादाने कॅलिफोर्नियाला गेला. तिथे सगळे नदीतली वाळू चाळत बसले होते, यानं त्यांना लागणाऱ्या एकचाकी ढकलगाड्या बनवून दिल्या. पाच वर्षांत ८ हजार डॉलर साठवून पठ्ठ्या १८५८ मध्ये परत आला आणि ते पैसे भावांच्या धंद्यात घातले. मग यादवी युद्ध पेटलं, सैन्याला गाड्यांची गरज पडली आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत साउथ बेंडचा हा कारखाना घोडागाड्या बनवण्यात जगात सगळ्यात मोठा मानला जाऊ लागला.

जावयाचा हट्ट

आता विचार करा. तुम्ही घोडागाड्यांचे राजे आहात आणि बाजारात मोटार आली. काय कराल?

बहुतेक घोडागाडीवाल्यांनी काहीच केलं नाही आणि ते संपले. म्हाताऱ्या जॉनलाही ती धूर ओकणारी, आवाज करणारी पेट्रोलगाडी मुळीच पसंत नव्हती. हट्ट धरला तो त्यांच्या जावयाने. फ्रेडरिक फिश हा पेशाने वकील. त्याला लोखंडाचं काम येत नव्हतं, पण वारं कळत होतं. १९०२ साली स्टुडबेकरची पहिली मोटार निघाली, तीही चक्क इलेक्ट्रिक! पेट्रोलची आली १९०४ मध्ये. घोडागाड्या मात्र १९२० च्या सुमारापर्यंत निघतच होत्या. म्हणजे जवळजवळ १८ वर्षं एकाच छपराखाली एकीकडे चाकावर धाव चढत होती आणि दुसरीकडे इंजिन बसत होतं. जुन्याची कमाई नव्याच्या शिकण्यावर खर्च होत होती.

रूममेट त्या इलेक्ट्रिक गाडीसमोर बराच वेळ उभा होता.

"अठरा वर्षं," तो म्हणाला, "मेनफ्रेमपण चालू आणि क्लाउडपण चालू. आम्हाला तीन महिने दिले रे."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला पुढच्या गाडीकडे ओढलं.

दोन माणसांची रेसकार

पुढची गाडी माझ्या आवडीची होती. १९३२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीसाठी कंपनीने उतरवलेल्या पाच गाड्यांपैकी ही एक. लांबुळकं बॉनेट, उघडी चाकं आणि शेजारी शेजारी दोन जणांची जागा. दोघे कशाला? तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरच्या बाजूला मेकॅनिक बसायचा. तेलाच्या दाबावर नजर ठेवायची, मागून कोण येतंय ते सांगायचं आणि ८०० किलोमीटर हाडं खिळखिळी करून घ्यायची. फोटोत मात्र ड्रायव्हरचंच नाव. टेस्टिंगवाल्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको!

या गाडीची खरी गंमत बॉनेटखाली आहे. आत शर्यतीसाठी मुद्दाम घडवलेलं इंजिन नाही. 'प्रेसिडेंट' नावाच्या मॉडेलमधलं, शोरूममध्ये मिळणारं आठ सिलिंडरचं इंजिनच थोडी मशागत करून बसवलेलं. खास रेसिंगसाठी बनलेल्या गाड्यांच्या गर्दीत क्लिफ बर्जर या ड्रायव्हरने स्टुडबेकर तिसरी आणली. आपण रोज ऑफिसला नेतो ती गाडी शर्यतीत तिसरी यावी, याहून मोठी जाहिरात कुठली?

पण वर्ष बघा. १९३२, म्हणजे ऐन महामंदी. ट्रॅकवर गाडी तिसरी येत होती आणि हिशेबाच्या वह्यांत कंपनी बुडत होती. अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन यांना मंदी लवकर संपेल असा विश्वास होता, म्हणून धंदा आटत असतानाही भागधारकांना भरघोस लाभांश वाटला जात होता. मार्च १९३३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, जुलैमध्ये अर्स्किन यांनी आत्महत्या केली. तरीही कंपनी उठली. नव्या माणसांनी दोन वर्षांत तिला पायावर उभं केलं, दुसऱ्या महायुद्धात तिचे ट्रक सोव्हिएत आघाडीपर्यंत धावले. नंतर रेमंड लोवी या डिझायनरच्या हाताखाली तिने इतक्या देखण्या गाड्या काढल्या, की १९६० च्या दशकातली फायबरग्लासची 'अवांती' आजही रस्त्यावर दिसली तर माना वळतील.

लाल गाडी

आणि मग एक लाल रंगाची डेटोना. तिच्यासमोर गर्दी नसते. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही शेवटची गाडी. ९ डिसेंबरला कारखाना बंद होणार असं जाहीर झालं, नाताळच्या आधी लाइन थांबली. कॅनडातल्या कारखान्याने मार्च १९६६ पर्यंत तग धरला, मग तोही गेला. घोड्यावरून इंजिनवर उडी मारणारी, मंदीतून वर आलेली कंपनी शेवटी बड्या तीन मोटार कंपन्यांच्या किमतींपुढे टिकली नाही. त्याच १९६६ मध्ये तिने आपला गाड्यांचा संग्रह शहराला देऊन टाकला. शहराच्या हाती उरल्या त्या या गाड्या.

कामगारांच्या हाती काय उरलं, हा आकडा मात्र मला लिंकनच्या गाडीपेक्षा जास्त लक्षात राहिला आहे.

१९५० साली कंपनीने युनियनशी करार करून पेन्शन योजना सुरू केली होती. आधीच्या नोकरीची वर्षंही धरायची आणि त्यासाठी लागणारा पैसा हळूहळू, तीस वर्षांत, फंडात जमा करायचा असं ठरलं होतं. यात लबाडी कुणीच केली नव्हती. फक्त कारखाना चौदाव्या वर्षी बंद पडला. फंडात जे होतं त्यातून निवृत्त झालेल्या आणि साठी गाठलेल्या सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या रकमेतले साधारण १५ टक्के हातावर टेकवले गेले. त्यांचं सरासरी वय ५२, नोकरी २३ वर्षं. आणि चाळिशीच्या आतल्या २,९०० जणांना? शून्य.

मी हा हिशेब सांगितला तेव्हा रूममेटने सवयीने मनात गणित केलं. "म्हणजे मी शून्यात," तो म्हणाला. त्याचं वय ३६.

या प्रकरणाने अमेरिका हादरली. दहा वर्षं वाद चालला आणि १९७४ मध्ये खासगी पेन्शनला संरक्षण देणारा 'एरिसा' कायदा झाला. बुडालेल्या फंडांसाठी सरकारी विमाही आला. आज अमेरिकेत ज्यांना खासगी कंपनीची पेन्शन मिळते, त्यांच्यामागे साउथ बेंडचे ते पंधरा टक्केवाले उभे आहेत. त्यांना स्वतःला मात्र त्या कायद्याचा फायदा झाला नाही.

आपल्याकडे पीएफचा कायदा १९५२ चा. दर महिन्याला पगारातून कापला जातो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, ईएमआयच्या गणितात तो नसलेलाच बरा असं म्हणतो. पण कंपनीने दिलेला शब्द आणि तुमच्या नावावर दरमहा जमा होणारा पैसा यांतला फरक काय, ते त्या लाल गाडीसमोर फार लवकर कळतं.

तळमजल्याखाली लोखंडी रॅकवर एकावर एक गाड्या रचून ठेवल्यात, तेही चुकवू नका. बाहेर पडल्यावर गावातून एक चक्कर मारा. जिथून स्टुडबेकरच्या देखण्या गाड्यांच्या गिऱ्हाइकांच्या आगगाड्या सुटायच्या, त्या जुन्या युनियन स्टेशनच्या इमारतीत पुढे डेटा सेंटर झालं. शेजारच्या कारखान्याच्या इमारती दुरुस्त करून तिथेही टेक कंपन्यांना बोलावलं गेलं. जिथे धाव बसत होती तिथे आता सर्व्हर घरघरतात. त्यांचाही कधीतरी रॅक होईल, पण तोवर काम आहे.

रूममेट सध्या पुण्यात आहे. सकाळी नव्या प्रोजेक्टवर क्लाउड शिकतो आणि दुपारी त्याच क्लायंटची जुनी सिस्टिम सांभाळतो. जावयाचा फॉर्म्युला, असं तो म्हणतो. पीएफचं पासबुक त्याने त्याच रात्री शिकागोत उघडून बघितलं होतं. पैसे जागेवर होते. लग्नाला सहा वर्षं झाली तरी नॉमिनीच्या रकान्यात आईचंच नाव होतं, तेवढं तो बदलून घेतोय.