सहा व्होल्टांचा हिशेब

आमच्या मातोश्रींचा रेडिओ चार सेलांवर चालतो. सेल उतरले की आवाज खोल जातो. पण त्या नवे सेल मागत नाहीत, ऐकणेच कमी करतात. हे ध्यानी आल्यावर आम्ही घरच्या विजेवर चालणारा ६ व्होल्टांचा पुरवठा स्वतःच जुळवायचे ठरविले. बाजारातले हलके चार्जर स्वस्त खरे. परंतु त्यांच्यातली वीज क्षणात हजारो वेळा चालू-बंद होते आणि मध्यम लहरींवर खरखर उठविते. ऐंशी ओलांडलेल्या कानांना त्या खरखरीतून शब्द वेचणे जमत नाही.

म्हणून जुनीच वाट धरली. ९ व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. येथवर दाब ११-१२ व्होल्ट, तोही घरच्या विजेबरोबर खालीवर होणारा. त्यापुढे एलएम ३१७ हा तीन पायांचा नियंत्रक. आपल्या दोन पायांत तो सदैव १.२५ व्होल्टांचे अंतर राखतो. त्या दोहोंमध्ये २४० ओहमचा रोधक आणि त्याखाली ९१० ओहमचा जोडला, की बाहेर जवळजवळ नेमके ६ व्होल्ट मिळतात. उरलेला दाब उष्णता होऊन जातो. त्यासाठी पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा लावावा लागतो. उधळपट्टीच ही, पण एवढासा रेडिओ खाऊन खाऊन खाणार किती!

रेडिओ जोडण्याआधी मीटर लावून पाहिला. ५.९८.

"उरलेले दोन पैसे कुठे गेले?" मातोश्रींनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता केंद्र लावले.