कमानपाटा

कमान तुटलेली गाडी चालताना फारसं काही सांगत नाही, उभी असताना सांगते. मागून पाहिलं की एका बाजूचं मडगार्ड चाकाला टेकायला आलेलं असतं आणि दुसरीकडे फट पूर्वीइतकीच राहिलेली असते. आमची जुनी प्रीमियर पद्मिनी अशी डावीकडे कलून उभी दिसली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. घरातली लग्नं, आजारपणं, गावच्या जत्रा, सगळं जिच्या पाठीवरून गेलं, तिचं हे कलणं बघवत नव्हतं.

पद्मिनीला पुढच्या बाजूला गुंडाळीची स्प्रिंग असते, पण मागे ट्रकसारखेच पाटे. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली, त्यांत बुश. त्याच्याखाली एकाहून एक आखूड पाटे, सगळ्यांच्या मधून आरपार गेलेला सेंटर बोल्ट, आणि ही चवड अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट. चाक खड्ड्यातून वर उसळलं की कमान सपाट होते, पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच उसळीचा काही जोर जिरतो. जुन्या गाडीची कुरकुर ऐकताना मला हे आठवतं. ती काम करत असते.

"कुठल्या खड्ड्यात गेला?" घरात ज्यानं त्यानं हेच विचारलं. मिस्त्रींनी पाटा खोलला, तुटकं टोक चिंधीनं पुसलं आणि उजेडात माझ्यापुढे धरलं. "ताई, हा आज तुटलेला नाही. हे बघा."

पाटा तुटला होता सेंटर बोल्टच्या भोकाशी. वरच्या पृष्ठभागाजवळ भोकाच्या कडेला एक काळपट, गुळगुळीत अर्धचंद्र होता. त्यात एकाआड एक अगदी पुसट वक्र रेघा, ओसरत्या नदीनं घाटाच्या पायऱ्यांवर सोडाव्यात तशा. अर्धचंद्र संपला की पुढे लख्ख, रवाळ पोलाद. तेवढाच भाग त्या दिवशी एका झटक्यात तुटलेला. बाकीचा कधीचाच सुटलेला होता. तडा थोडा पुढे सरकला, थांबला, पुन्हा सरकला, याच्या त्या खुणा. फटीत पावसाचं पाणी शिरलं, गंज चढला आणि तो भाग काळवंडला. भार येतो तेव्हा पाट्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, म्हणून सुरुवात वरून. भोकाच्या कडेला ताण एकवटतो, म्हणून भोकापाशी. कितीतरी पावसाळे ही गाडी फुटत आलेल्या पाट्यावर आम्हाला वाहत होती, हे त्या दोन बोटं रुंदीच्या पोलादावर स्वच्छ वाचता येत होतं.

आगगाड्यांचे आस असेच तुटत. त्या तुटण्याचा छडा ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं १८५० आणि १८६०च्या दशकांत लावला. एका दणक्याला सहज पुरून उरणारं लोखंड त्याहून कितीतरी कमी ताण पुन्हापुन्हा आला तर तुटतं, हे त्यानं चाचण्या घेऊन दाखवलं. म्हणून शेवटच्या खड्ड्याला दोष देणं मला पटत नाही. त्याच्या वाट्याला उरलं होतं ते फक्त ते रवाळ लख्ख पोलाद.

वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं सुचवलं होतं, "वेल्डिंग मारून देतो, चालेल आरामात." असं काम कुणी स्वीकारू नये आणि कुणी करूनही देऊ नये, याबाबत माझं मत ठाम आहे. पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडं जास्त कार्बन, शिवाय सिलिकॉन आणि मँगनीज. ते लालबुंद तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा बेतानं तापवतात, तेव्हा कुठे त्यात लवचीकपणा येतो. वेल्डिंगची आच हे दिलेलं पाणी उतरवते आणि जोडाशेजारची पट्टी ठिसूळ करते. त्यात हा मेन पाटा. अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणारा तोच. तो निखळला तर चाक मागे सरकतं आणि गाडी तिरकी धावू लागते. आम्ही ती टोइंगनंच नेली.

खरा प्रश्न नव्या पाट्याचा होता. मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर तिचा सुटा भाग मिळणं अवघड नव्हतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून ती रस्त्यावर राहिली नाही, आणि दुकानांच्या फळ्याही रित्या होत गेल्या. शेवटी हायवेवरच्या ट्रकच्या कमानवाल्यानं पाटे घडवून दिले. त्याच्याकडे भट्टी होती आणि नजरही. रुंदी, जाडी, टोकापासून टोकापर्यंतची लांबी, कमानीची उंची, सगळं त्यानं उजव्या बाजूच्या शाबूत पाट्यावरून घेतलं. मात्र कमान दोन्ही बाजूंची बदलायची, हा मिस्त्रींचा आग्रह. उजवीनंही तेच रस्ते खाल्लेले, तीही दबलेली. एकच नवी बसवली असती तर गाडी उलट बाजूला कलली असती.

जुने पाटे गावच्या लोहाराकडे गेले. कोयत्याला आणि विळ्याला कमानपाट्यासारखं लोखंड नाही, हे खेड्यात कुणालाही विचारावं. त्यानं प्रत्येक पाटा ऐरणीवर वाजवून पाहिला आणि भोकाजवळचा तुकडा न बोलता बाजूला टाकला.

बसवण्याचं काम सावकाश चाललं. बॉडी घोड्यांवर, चाकं लोंबती, म्हणजे कमानीवर भार नाही. गंजलेले नट रात्रभर डिझेलमध्ये भिजवलेले. यू-बोल्ट नवेच, कारण जुने ताणलेले असतात. रबरी बुशांचे बोल्ट मात्र मिस्त्रींनी गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले असते तर बुश कायम पिळलेला राहिला असता.

निघताना ते म्हणाले, "पाचेकशे किलोमीटर झाले की आणा, यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत." नवे पाटे एकमेकांवर बसतात, चवड किंचित दबते आणि यू-बोल्टची पकड सैल पडते. मग वाकण्याचा ताण थेट त्या भोकावर येऊ लागतो, आणि पुढचा तडा तिथूनच निघतो.